आवाज फाटू नये म्हणून : रेकॉर्डिंगची लेव्हल आणि हेडरूम यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत आज कितीतरी घरांत एखादी खोली रेकॉर्डिंगसाठी वापरली जाते. कुणी पॉडकास्ट करतं, कुणी ऑडिओबुक वाचतं, कुणी मंडळाचं भजन रेकॉर्ड करतं. माइक चांगला असतो, इंटरफेसही (माइक संगणकाला जोडणारी पेटी) चांगला असतो, आणि तरी नेमक्या सर्वांत रंगलेल्या जागी आवाज फाटतो. खालची उत्तरं त्यासाठी आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे लेव्हलचे आकडे डीबीएफएसमध्ये आहेत, म्हणजे ० हे छत आणि बाकी सगळं त्याच्या खाली, उणे चिन्हात.

गेन किती ठेवायचा? एकच आकडा सांगा.

गेन म्हणजे माइकचा आवाज इंटरफेसमध्ये किती वाढवायचा ते. २४-बिट रेकॉर्डिंग असेल तर साधं बोलणं सरासरी -२० ते -१८च्या आसपास खेळू द्या. सर्वांत जोरात येणारे पीक, म्हणजे आवाजाचे क्षणभराचे माथे, -१२ ते -१०पर्यंत जावेत, आणि -६च्या वर काहीही जाऊ नये.

गेनचा नॉब मात्र घड्याळाच्या कोणत्या आकड्यावर ठेवायचा हे सांगता येत नाही. माइकची संवेदनशीलता, तोंडापासूनचं अंतर आणि गळा, या तिन्हींवर ते ठरतं. दुसऱ्याच्या नॉबचा फोटो पाहून आपला नॉब लावू नका.

लेव्हल ०च्या जवळ भरून घेतली तर क्वालिटी वाढते असं ऐकलंय. खरं काय?

टेपच्या काळात ते खरं होतं. टेपला स्वतःची सुरसुर असते. आवाज बारीक घेतला तर तो त्या सुरसुरीत बुडायचा. सुरुवातीच्या १६-बिट यंत्रांवरही थोडं भरून घेण्यात अर्थ होता. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल, या हिशेबाने १६ बिटना ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिटना कागदावर १४४ मिळतो. प्रत्यक्षात चांगल्या कन्व्हर्टरची (आवाजाचे आकडे करणाऱ्या इंटरफेसमधल्या भागाची) स्वतःची सुरसुर -११०च्या आगेमागे असते.

आता आपल्या खोलीचा हिशेब मांडू. रात्री दारं-खिडक्या बंद केल्यावरही साधी खोली ३० ते ३५ डेसिबल इतकी कुजबुजत असते. एका वितीवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज माइकपाशी ७५ ते ८० डेसिबल पोचतो. म्हणजे बोलणं आणि खोली यांत अंतर जेमतेम ४५ डेसिबल. बोलणं -२०वर घेतलं, तर खोलीचा आवाज -६५ला बसतो आणि कन्व्हर्टरची सुरसुर त्याच्याही ४५ डेसिबल खाली राहते. ती कुणालाही ऐकू येणार नाही. लेव्हल १० डेसिबलने वाढवली तर बोलणं आणि खोली दोन्ही १०ने वर येतात, अंतर तेवढंच राहतं. हाती काही लागत नाही, वर छत मात्र १० डेसिबल जवळ येतं.

कमी लेव्हलचा टेक नंतर वाढवता येतो. फाटलेला टेक परत मिळत नाही. एवढ्या एका कारणासाठी आम्ही लेव्हल खाली ठेवण्याचा आग्रह धरतो.

हेडरूम म्हणजे नेमकं काय, आणि सगळीकडे -१८ हाच आकडा का दिसतो?

नेहमीची लेव्हल आणि छत यांच्यामधली मोकळी जागा म्हणजे हेडरूम. ॲनालॉग स्टुडिओत काटा असलेल्या व्हीयू मीटरवरचं ० म्हणजे +४ डीबीयू (डीबीयू हे तारेतल्या व्होल्टेजचं माप). चांगलं यंत्र त्याच्या वर आणखी १८-२० डेसिबल स्वच्छ आवाज द्यायचं आणि त्यानंतर हळूहळू फाटायला लागायचं. व्हीयूचा काटा आळशी असतो, त्याला योग्य जागी पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे तबल्याची थाप त्याला दिसायचीच नाही, पण वरच्या मोकळ्या जागेत ती सुखरूप मावायची. डिजिटल यंत्रं आल्यावर तीच जागा राखायची म्हणून युरोपातल्या प्रसारणात -१८ आणि अमेरिकेत -२० ही संदर्भाची पातळी ठरली.

डिजिटलमध्ये ०च्या वर आकडाच नसतो. २४-बिटमध्ये सर्वांत मोठा आकडा ८३,८८,६०७. आवाज त्याहून मोठा आला तरी तेवढाच लिहिला जातो, आणि गोल लाटेचा माथा विळीने कापल्यासारखा सपाट होतो. त्या सपाट माथ्यातून मूळ आवाजात नसलेले स्वरांश तयार होतात. कानाला जो कर्कशपणा जाणवतो, तो त्यांचा.

साउंड चेकला लेव्हल ठीक असते, टेकमध्येच आवाज कसा फाटतो?

कारण साउंड चेकला माणूस खरं गातच नाही. "हॅलो, चेक, एक दोन तीन" यावर लावलेला गेन खऱ्या टेकसाठी निरुपयोगी आहे. टेकमध्ये अंगात सूर चढतो, समोरचा दाद देतो, आणि लेव्हल सहज ४ ते ६ डेसिबल वर जाते.

म्हणून चेकला तुकडा मागायचा तो सर्वांत जोराचा. गायिकेला तार सप्तकातली जागा घ्यायला सांगा. नटाला प्रवेशातलं सर्वांत चिडलेलं वाक्य म्हणायला लावा. भजनी मंडळ असेल तर अभंगाची पहिली ओळ चालणार नाही, शेवटचा गजर टाळांसकट हवा. पोवाड्यात शाहिराइतकीच झीलकऱ्यांची एकत्र झील तपासा, कारण मीटर तिथेच उडतो. ३० सेकंद असं गाऊन घ्या, पीक -१२ला लावा आणि त्यानंतर आणखी २-३ डेसिबल गेन उतरवा. आता खऱ्या टेकमध्ये ६ डेसिबल जास्त आले तरी तुम्ही -८ ते -९च्या आसपास असाल.

एकदा लावलेला नॉब मग टेकच्या मध्ये हलवायचा नाही. नॉबच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा. ऑडिओबुकसारखं काम आठ-पंधरा दिवस चालतं. रोज तोच गेन आणि तेच अंतर मिळालं तर प्रकरणं जोडताना आवाज बदलल्यासारखा वाटत नाही.

'भ' आणि 'फ'ला मीटर अचानक का उडतो?

मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर आहेत. 'भ', 'फ', 'ठ', 'ध', 'घ' उच्चारताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. तो थेट माइकच्या पडद्यावर आदळला की १०० हर्ट्झच्या खालची मोठी लाट उठते. कानाला फक्त "भप्प" ऐकू येतं, पण मीटरवर पीक नेहमीपेक्षा १० डेसिबल वर गेलेलं असू शकतं. "भाऊ", "फाटक", "भाकरी" हे शब्द चेकमध्ये मुद्दाम घ्या.

यावर गेन कमी करणं हा खरा इलाज नाही. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला, ३०-४० अंशांत घ्या, म्हणजे झोत त्याच्या शेजारून निघून जाईल. पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं दूर ठेवा, माइकला चिकटवू नका. माइकवर लो-कटचा (अगदी खालची कंपनं कापणारा) खटका असेल तर बोलण्यासाठी तो ७५-८० हर्ट्झला चालू करा. घोडबंदर रोडवरून जाणाऱ्या ट्रकची घरघर आणि ऐरोली-घणसोलीत रुळांजवळच्या इमारतींत जाणवणारा लोकलचा हादरा यांचाही बराचसा भाग त्याच खटक्याने जातो. ऐकू न येणारी ही खालची घरघर हेडरूम खात बसते, हे लक्षात राहत नाही.

तबला, ढोलकी, हार्मोनियम, तानपुरा : सगळ्यांना एकच लेव्हल चालते का?

अजिबात नाही. इथेच मीटर नीट वाचता यावा लागतो.

तबल्याच्या चाटीवरचा "ना" किंवा ढोलकीची कडक थाप काही मिलिसेकंदांत येते आणि जाते. तिचं पीक सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबल वर असतं. तबल्याची सरासरी बोलण्याइतकी -१८ला आणायला गेलात, तर प्रत्येक थाप छताला आपटणार. तालवाद्यांसाठी सरासरी पाहूच नका, फक्त पीक पाहा आणि ते -१०च्या खाली ठेवा. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरची आवाजाची आकृती, बारीक काड्यांसारखा दिसेल. तसाच तो असायला हवा.

तानपुरा याच्या उलट. त्याचा झंकार सलग भरलेला असतो, पीक आणि सरासरी यांत फार अंतर नसतं. त्याचं पीक -१८ला असलं तरी पुरे. हार्मोनियमची पातळीही बऱ्यापैकी स्थिर असते, पण दोन सप्तकं एकत्र दाबली आणि भाता जोरात मारला की ती ६-७ डेसिबल वर जाते; चेकला तसं वाजवून घ्या.

टाळ आणि झांजा फसव्या. त्यांचा आवाज फार वरच्या कंपनांचा असतो. मीटर -३ दाखवत असताना दोन सॅम्पलच्या (लाटेच्या मोजलेल्या बिंदूंच्या) मधली खरी लाट ०च्या वर गेलेली असू शकते. टाळ जवळ असतील तर पीक -१२च्या वर जाऊ देऊ नका.

ढोल-ताशा पथकाजवळ कंडेन्सर माइक लावत असाल तर आधी माइकवरचाच १० किंवा २० डेसिबलचा पॅड, म्हणजे आवाज तेवढा कमी करणारा खटका, चालू करा. गेन शून्यावर असूनही माइकचं आतलं सर्किट फाटू शकतं, आणि त्यावर इंटरफेसचा नॉब काही करू शकत नाही.

मीटर कधीच लाल झाला नाही, तरी आवाज फाटलेला आहे. कसं शक्य आहे?

वेव्हफॉर्म मोठा करून पाहा. माथे ०ला सपाट असतील तर कन्व्हर्टर फाटला. माथे -५ किंवा -९ अशा भलत्याच पातळीवर सपाट असतील, तर आवाज कन्व्हर्टरपर्यंत पोचण्याआधीच फाटला आहे : माइकमध्ये, प्रीॲम्पमध्ये (माइकचा आवाज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) किंवा मिक्सरमध्ये.

याचं सर्वांत नेहमीचं उदाहरण म्हणजे सभागृहाच्या मिक्सरमधून घेतलेली लाइन. गडकरी रंगायतन असो, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह असो, की सोसायटीच्या गणपतीचा मांडव, मिक्सरच्या आउटला लाइन लेव्हल असते, +४ डीबीयूच्या आसपास. माइकमधून येणारा आवाज त्यापेक्षा ४०-५० डेसिबल बारीक असतो. मिक्सरची एक्सएलआर केबल इंटरफेसच्या कॉम्बो जॅकमध्ये घातली की बहुतेक इंटरफेसमध्ये ती माइक प्रीॲम्पला जाते, आणि गेन पूर्ण उतरवूनही आवाज फाटतो. त्याच जॅकच्या मधल्या भोकात ६.३५ मिलिमीटरची टीआरएस पिन घाला आणि इनपुट 'लाइन' करा. कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटर माइक इनपुटला द्यायचं असेल तर मध्ये २५ ते ४० डेसिबलचा पॅड लागतोच. जोडणी करताना फँटम पॉवर (केबलमधून कंडेन्सर माइकला दिली जाणारी वीज) बंद ठेवा.

मिक्सरवाल्या दादांना कार्यक्रमाआधी १ किलोहर्ट्झचा टोन मिक्सरच्या ०ला सोडायला सांगा आणि तुमच्याकडे तो -१८ला लावा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दोन तासांचा प्रयोग त्यावर अवलंबून असतो.

डायनॅमिक माइकला गेन पूर्ण देऊनही आवाज बारीकच येतो. माइक खराब आहे का?

बहुधा नाही. शुअर एसएम७बी या माइकची संवेदनशीलता १.१२ मिलिव्होल्ट आहे, तर बऱ्याच मोठ्या कंडेन्सर माइकची २० ते २५ मिलिव्होल्ट. फरक २५ डेसिबलहून जास्त झाला. एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन देणारा प्रीॲम्प लागतो. बरेच स्वस्त इंटरफेस ५०-५५लाच थांबतात, आणि शेवटच्या टोकाला त्यांची सुरसुर वर येते.

आधी जवळ या. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबल वाढतो आणि खोलीचा आवाज तेवढाच राहतो. फुकटात मिळणारा यापेक्षा चांगला उपाय नाही. तरीही -३०च्या वर जात नसेल तर फँटम पॉवरवर चालणारा, २० ते २५ डेसिबल देणारा इनलाइन बूस्टर लावा.

सॉफ्टवेअरमध्ये फेडर खाली आणला, तरी फाटतं.

फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, रेकॉर्ड झाल्यानंतरच्या आवाजावर काम करतो. फाईलमध्ये काय लिहिलं जाणार हे फक्त इंटरफेसचा गेन ठरवतो. हेडफोनचा नॉबही रेकॉर्डिंगला लागू नाही. हेडफोनमध्ये कमी ऐकू येतं म्हणून गेन वाढवणं ही फार सर्रास दिसणारी चूक आहे.

३२-बिट फ्लोट रेकॉर्डर घेतला तर लेव्हलची चिंता संपते का?

कन्व्हर्टरपुरती, बरीचशी. असे रेकॉर्डर सहसा प्रत्येक चॅनलला दोन कन्व्हर्टर वापरतात, एक बारीक आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, आणि दोन्ही जुळवून फाईल लिहितात. ती फाईल ०च्या वर गेलेली दिसली तरी खाली ओढली की माथे शाबूत मिळतात. पण माइकचं सर्किट फाटलं असेल किंवा मिक्सरमधून फाटकाच आवाज आला असेल, तर तोच निष्ठेने रेकॉर्ड होतो. आणि एक खुलासा : साध्या २४-बिट इंटरफेसवर सॉफ्टवेअरमध्ये "३२-बिट फ्लोट" निवडल्याने ही सोय मिळत नाही. कन्व्हर्टर आधीच कापून बसलेला असतो.

रेकॉर्ड करतानाच लिमिटर लावू का?

लिमिटर आवाजाला ठरावीक पातळीच्या वर जाऊ देत नाही. पण प्लगइन लिमिटर कन्व्हर्टरच्या नंतर येतो, त्यामुळे फाटण्यापासून तो वाचवू शकत नाही. कन्व्हर्टरच्या आधी बसलेला ॲनालॉग लिमिटर वाचवतो. त्याहून आम्हाला सुरक्षित प्रत जास्त भरवशाची वाटते : रेकॉर्डरमध्ये सोय असेल तर तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर १२ डेसिबल खाली घ्या. मुख्य टेक एखाद्या जागी फाटला तर तेवढा तुकडा तिथून उचलता येतो.

फोन किंवा लॅपटॉपवर लेव्हल आपोआप वर-खाली होते.

ऑटो गेन चालू आहे. ओळखण्याची खूण : तुम्ही बोलणं थांबवलं की दोन-तीन सेकंदांत पंख्याचा आवाज फुगत वर येतो. विंडोजमध्ये माइकच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. फोनवर मॅन्युअल गेन देणारं रेकॉर्डिंग ॲप वापरा. व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेत असाल तर दोघांनीही आपापल्या बाजूला वेगळं रेकॉर्ड करावं आणि नंतर जोडावं; कॉलचा आवाज कितीही सुधारला तरी तो दाबलेलाच असतो.

घूंऽऽ असा सलग आवाज येतो. गेन कमी केल्याने जाईल?

घूं आणि बोलणं दोन्ही बरोबरच कमी होतील. हा विजेचा ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतल्या १००, १५०चा आवाज आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पाहा. घूं गेली तर अर्थिंगचा घोटाळा आहे : लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि केबल बॅलन्स्ड वापरा. तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतू शकतं.

आठ ट्रॅक प्रत्येकी -१०ला आहेत, पण मास्टर लाल होतो. का?

आवाजांची बेरीज होते. वेगवेगळे आवाज असले तर ट्रॅक दुप्पट झाले की एकूण पातळी सुमारे ३ डेसिबल वाढते. म्हणजे आठ ट्रॅकना ९ डेसिबल. सगळ्यांचा ठोका समेवर एकत्र पडला तर त्याहून जास्त. मास्टर फेडर न ओढता सगळे ट्रॅक एकत्र निवडून ६-८ डेसिबल खाली घ्या आणि मिक्सचं पीक -६च्या आसपास ठेवून मास्टरिंगला द्या. आजची सॉफ्टवेअर आत ३२-बिट फ्लोट किंवा त्याहून मोठ्या गणितावर चालतात, त्यामुळे मधल्या ट्रॅकचा लाल दिवा सहसा घातक नसतो. पण ॲनालॉग यंत्रांची नक्कल करणारे प्लगइन -१८ धरून बनवलेले असतात, त्यांना जास्त लेव्हल दिली की ते लगेच गढूळ वाजतात. शेवटी २४ किंवा १६-बिट फाईल काढताना मास्टरवरचा लाल दिवा मात्र खराच असतो.

फाटलेला टेक दुरुस्त होतो का?

एक-दोन शब्द असतील तर डी-क्लिप प्लगइन सपाट माथ्यांच्या जागी अंदाजाने गोल माथे काढून देतो. त्याआधी ट्रॅक ६ डेसिबल खाली घ्या, नाहीतर नव्या माथ्यांना जागाच नसते. अख्खी तान फाटली असेल तर पुन्हा गाऊन घ्या.

शेवटची फाईल किती लेव्हलला द्यायची?

इथे पीकऐवजी एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणारा एकूण मोठेपणा, महत्त्वाचा. स्पॉटिफायवर संदर्भ -१४ एलयूएफएस आणि ट्रू पीक (सॅम्पलच्या मधली लाटही धरून मोजलेलं पीक) -१. ॲपल पॉडकास्टसाठी -१६ आणि ट्रू पीक -१. ट्रू पीकची ही १ डेसिबल जागा सोडायचीच, कारण एमपी३ किंवा एएसी करताना लाटेचा आकार किंचित बदलतो आणि -०.१ला बसवलेले माथे ०च्या पलीकडे जातात.

ऑडिओबुकसाठी एसीएक्सचे (ऑडिबलच्या ऑडिओबुक व्यासपीठाचे) निकष असे : आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी, -२३ ते -१८च्या मध्ये, पीक -३च्या खाली, आणि शांत जागेतला आवाज -६०च्या खाली. पहिले दोन सॉफ्टवेअरने जमवता येतात. तिसरा खोलीतच जमवावा लागतो. तुमचा कच्चा टेक आरएमएस -३०ला असेल आणि खोली -६८ला, तर टेक १० डेसिबल उचलून -२०ला आणल्यावर खोलीही -५८ला येते आणि फाईल परत येते. अशा वेळी नॉइज रिडक्शनने आवाज घासत बसण्यापेक्षा पंखा बंद करा, जाड गोधडी माइकमागच्या भिंतीवर टांगा, तोंड माइकच्या चार बोटं आणखी जवळ आणा आणि पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत असेल तर तो थांबेपर्यंत टेक घेऊ नका.